फुलीवरचा बांध

शके अठराशे आठचा फाल्गुन, इंग्रजी सन अठराशे सत्त्याऐंशी. त्याआधीच्याच माघात, राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली म्हणून ठाण्याच्या कचेरीवर दिव्यांच्या ओळी लागल्या होत्या. कोलशेतचं निम्मं गाव ते बघायला चालत गेलं होतं. चंद्रभागाही लेकीचा, शेवंतीचा, हात धरून गेली होती. तिचा दीर गुणाजी तेवढा मागे राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आगरावर आली तेव्हा तिच्या पाण्याचं तोंड चिखलाने बुजलेलं होतं. वरून फावड्याच्या पाठीने थापून गुळगुळीतही केलेलं होतं.

हे तोंड म्हणजे काय ते सांगायला हवं. तेव्हा लहान पोराला विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं, पण आता त्या काठाला मिठागरं फारशी उरली नाहीत. खाडीच्या अंगाला पाण्याची तळी असत आणि रस्त्याच्या अंगाला मिठाचे वाफे. उधाणाला बाहेरच्या बांधातली लाकडी झडप वर घ्यायची, तिला उघाडी म्हणत. खाडीचं पाणी तळ्यात कोंडायचं, उन्हात आटवून दाट करायचं, आणि मग मधल्या बांधातल्या वाटेने, म्हणजे तोंडातून, वाफ्यांत सोडायचं. तळ्याचं पाणी वाफ्यात गेलं तर मीठ, नाहीतर नुसती दलदल.

चंद्रभागेचा सासरा तानाजी याचं आगर चौकोनी होतं. मरण्याआधी त्याने दोन मुलांत त्याची वाटणी केली. डाव्या बाजूची उघाडीही चांगली होती आणि वाफेही कसदार. उजवी बाजू दोन्हींत हलकी. बापाने दुजाभाव केला असं कोणी म्हणू नये म्हणून म्हाताऱ्याने एक दोर उभा टाकला, एक आडवा टाकला, आणि वाटणी तिरपी केली. खाडीकडचं डावं तळं आणि रस्त्याकडचे उजवे वाफे थोरल्या काळुरामला, चंद्रभागेच्या नवऱ्याला. खाडीकडचं उजवं तळं आणि रस्त्याकडचे डावे वाफे धाकट्या गुणाजीला. दोघांना एकेक चांगलं, एकेक हलकं. दोघांचंही पाणी मधल्या फुलीवरून तिरपं जाई, एक दिवस याचं, एक दिवस त्याचं. भाऊ भावाचं पाणी अडवेल हे म्हाताऱ्याच्या ध्यानातच आलं नाही. त्याच्या काळी कोणाच्याच आलं नसतं. सगळा गाव त्या वाटणीचं कौतुक करत असे.

काळुराम तापाने गेला. मागे मुलगा नाही, एकटी शेवंती. तेव्हापासून गुणाजीच्या मनात एकच गोष्ट घोळू लागली, की उद्या ही पोर लग्न होऊन जाईल आणि बापाचं अर्धं आगर परक्या घरात जाईल. त्याने शेजारचं पडीक खाजण, खाडीकाठची खारी जमीन, कसायला घेतलं आणि त्यातून वळसा घालून आपल्या पाण्यासाठी वेगळा चर खणला. आता त्याला फुलीची गरज उरली नव्हती. मग ती त्याने बुजवली.

चंद्रभागा लग्न होऊन आली तेव्हा गुणाजी नऊ वर्षांचा होता. ती त्याला नावानेच हाक मारायची.

"गुणाजी, हे काय केलंस?"

"बांध दुरुस्त केला," तो दातण चावत म्हणाला.

"माजं तोंड बुजवलंस."

"तोंड कसलं? तुजं पानी माज्या जमिनीवरून जात होतं. दादा होता तवर चालवून घेतलं."

"तुज्या जमिनीवरून कधी गेलं? फुलीवरून गेलं, मधून."

"मधून!" गुणाजी थुंकला. "मधे जागा केवढी हाय ते इचार परशाला. तुजाच लाडका ना तो."

परशुराम हा गुणाजीचा थोरला मुलगा, कल्याणच्या मराठी शाळेत मास्तर. आगरातल्या माणसांत एवढं शिकलेला तोच पहिला. ठाण्याला शिकत होता तेव्हा दर पंधरवड्याला तांदळाचं गाठोडं डोक्यावर घेऊन चंद्रभागाच त्याच्याकडे जायची, कारण त्याच्या आईला, सखुबाईला, दम्याने चालवत नसे. तो बांधावर उभा होता, पायांत वहाणा, अंगात कोट. बापाने त्याला मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

"काकी," तो वर्गात बोलावं तसा बोलू लागला, "दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे बिंदू होतो. बिंदूला लांबी नसते, रुंदी नसते. तुमचं तळं आणि तुमचे वाफे फक्त त्या एका बिंदूत शिवतात. त्यातून मुंगी जायची नाही, मग पाणी कुठून जाणार? आजवर गेलं ते आमच्या हद्दीतून गेलं."

"कोनी सांगितलं तुला?"

"भूमितीच्या पुस्तकात आहे."

"तुज्या पुस्तकात आगर हाय?"

"आगर नाही. पण खरं असतं ते सगळीकडे खरं असतं."

"तुला तांदूळ पोचवायला मी दोन कोस चालायची," चंद्रभागा म्हणाली. "ते दोन कोस पन नसतील तुज्या पुस्तकात."

परशुराम लाल झाला, पण मागे हटला नाही. शिकलेल्या माणसाला आपलं म्हणणं बरोबर असलं की दुसरं काही सुचत नाही, आणि त्याचं म्हणणं पुस्तकाप्रमाणे बरोबर होतं.

ही काही नुसती शब्दाशब्दी नव्हती. त्या सुमाराला मीठखात्याने लहानसहान आगरं बंद करण्याचा सपाटा लावला होता. मीठखात्याचा साहेब चैत्रात फेरी काढी, आणि ज्याच्या वाफ्यात पांढरं दिसलं नाही त्याच्या आगरावर काट मारी. चंद्रभागेचं पाणी तळ्यात दाट होऊन बसलं होतं. ते पाडव्यापर्यंत वाफ्यांत उतरलं नाही तर तिचं आगर बंद होणार, आणि बंद आगर घ्यायला शेजारी गुणाजीच होता. हे तिला कळत होतं, गुणाजीला कळत होतं, आणि शाळा सोडून आलेल्या मास्तरालाही कळत होतं.

तिने ठाण्याच्या कचेरीत तीन खेटे घातले. होळी होऊन चार दिवसांनी मोजणीदार आला.

हा मोजणीदार देशावरचा, किडकिडीत, पित्ताचा. खाडीकाठच्या उन्हाने त्याचं डोकं उठलं होतं आणि चिखलाने जोडे गेले होते, त्यामुळे दोन्ही बाजूंवर तो सारखाच चिडलेला होता. त्याच्या माणसांनी साखळी ओढली, म्हाताऱ्या तानाजीने पुरलेले हद्दीचे चार दगड शोधून काढले आणि एका दगडापासून समोरच्या दगडापर्यंत दोन दोऱ्या ताणल्या, एक उभी, एक आडवी. दोन्ही दोऱ्या बुजवलेल्या चिखलावर बरोबर मधोमध एकमेकींवर पडल्या. कोलशेतचा सारा गाव भोवती जमला होता. कोळीवाड्यातल्या बायका टोपल्या खाली ठेवून उभ्या होत्या.

परशुरामाने आपलं म्हणणं पुन्हा मांडलं. मोजणीदाराने ते डोळे मिटून ऐकलं.

"मास्तर, बावीस वर्षं साखळी ओढतोय मी," तो म्हणाला. "दगड पाहिले, खुंट्या पाहिल्या, नकाशात सुईने टोचलेली भोकं पाहिली. हा बिंदू नावाचा गृहस्थ मला अजून भेटायचाय."

माणसं हसली.

"भेटला नाही म्हणून तो नाही असं होत नाही," परशुराम म्हणाला. "या दोऱ्यांना जाडी आहे, पण त्यांच्या मधून जी रेघ जाते तिला नाही. सरकारचा सगळा नकाशा तसल्याच रेघांवर उभा आहे. रेघ खरी नसेल तर हद्द खरी नाही. मग आपण इथे कशासाठी आलात, रावसाहेब?"

आता कोणी हसलं नाही. मोजणीदाराने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. सरकारी माणसाला गावकऱ्यांदेखत असं विचारलेलं आवडत नाही, आणि उत्तर नसलं की मुळीच आवडत नाही. पण तो खोटं बोलणारा माणूस नव्हता.

"बाई," तो चंद्रभागेकडे वळला, "हद्द ती हद्द. नकाशाप्रमाणे तुमच्या एका तुकड्यातून दुसऱ्यात जायला जागा नाही. वहिवाट सांगायची असेल तर दिवाणीत जा."

"तिथं किती दिवस लागतील?"

"दिवस नाही, वर्षं."

गुणाजीने मिशीवरून हात फिरवला. "ऐकलंस ना वहिनी? आता पोरीसाठी खडवलीकडचा भातवाला बघ. मिठाचा नाद सोड."

चंद्रभागा त्या बुजवलेल्या चिखलापाशी उकिडवी बसली आणि दोऱ्यांकडे बघत राहिली. वयाच्या तेराव्या वर्षापासून ती बांध घालत आली होती. किती जाडीचा बांध किती पाणी तोलतो हे तिला सांगावं लागत नसे. वीतभर उरला तर पाणी अडतं, चार बोटं उरला तर बांधाला घाम येतो. चार बोटांहून कमी बांध तिने कधी ठेवला नव्हता, कारण ठेवणाऱ्याला माणसं वेडा म्हणत.

"रावसाहेब," ती तशीच बसून म्हणाली, "ज्याला रुंदीच नाय ते बुजवायला चाळीस पाट्या चिखल लागला. ह्या चिखलाला रुंदी हाय का?"

"आहे की. दिसतेय."

"कोनाच्या हद्दीत पडलाय तो?"

मोजणीदार वाकला. चिखल दोऱ्यांच्या चारी अंगांना पसरला होता. "चारी तुकड्यांत आहे. म्हणजे अर्धा तुमच्या हद्दीत."

"माज्या हद्दीतला मी उचलू?"

"उचला. तुमची जमीन. पण दोरीपलीकडे चिमूटभर मातीला हात लावलात तर तुमच्यावर लिहीन."

"आनि त्यानं माज्या बाजूला चिमूटभर टाकली तर?"

"तर त्याच्यावर लिहीन."

गुणाजी मोठ्याने हसला. "काढ, काढ! तुज्या बाजूचा काढलास तरी माजा राहील ना!"

परशुराम हसला नव्हता. तो दोऱ्यांकडे बघत होता, आणि हळूहळू त्याचा चेहरा उतरत गेला. "बाबा," तो खालच्या आवाजात म्हणाला, "हे होऊ देऊ नका. तिची माती निघाली की आपले दोन कोपरे राहतील. ते एकमेकांना फक्त—"

"गप रे. इतका वेळ बोललास ते पुरे."

चंद्रभागेने पदर खोचला. आधी तिने वाफ्यांकडचा कोरडा कोपरा काढला. ती फावडं मारायची, शेवंती पाटी भरून वाहायची. दोरी जवळ आली तशी तिने फावडं टाकून खुरपं घेतलं. मोजणीदार छत्री धरून शेजारी उभा राहिला आणि हळूहळू त्याचं पित्त उतरलं असावं, कारण त्याने पाणीसुद्धा मागितलं नाही. तो कोपरा काटकोनात स्वच्छ झाल्यावर ती तळ्याच्या बाजूला गेली. इथला चिखल ओला होता. काढत जावा तसं मागून तळ्याचं पाणी दोरीपर्यंत येऊन टेकत होतं.

गुणाजीचे डावे वाफे तिला तिथून समोर दिसत होते. त्यांत मीठ धरलं होतं, पांढरंशुभ्र, दोन दिवसांत ओढून घ्यावं इतकं तयार. पाणी फुटलं तर ते कुठे कुठे जाईल हे तिला त्या गावात सगळ्यांत चांगलं कळत होतं.

परशुराम वहाणा काढून चिखलात उतरला आणि तिच्यापाशी गुडघ्यांवर बसला. कोटाच्या टोकाला चिखल लागला तरी त्याचं लक्ष नव्हतं.

"काकी, थांबा. आजोबांनी ठेवली होती तशी पाण्याची पाळी ठेवू. मी बाबांना समजावतो."

"महिना झाला तोंड बुजवून. महिनाभर कल्यानची वाट बंद होती?"

"चुकलं माझं. पण आता तुम्ही हट्ट करू नका. आमचं मीठ तयार आहे, तुम्हाला दिसतंय."

"दिसतंय."

"मग?"

"मग काय? तूच म्हनालास ना, त्यातून मुंगी जायची नाय?" चंद्रभागेने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "मुंगी जात नाय तर पानी कसं जाईल? बस नि बघ."

तो उठला. पाळी मान्य केली असती तर दोघांचंही मीठ त्या वर्षी निघालं असतं. कोळीवाड्यातली गोदा नावाची म्हातारी तर मोठ्याने म्हणालीसुद्धा, "ऐक गो, ऐक, पोर पाया पडतंय." चंद्रभागेने तिच्याकडेही पाहिलं नाही.

शेवटची माती तिने नखांनी काढली. आता दोन्ही बाजूंनी तिचे कोपरे मोकळे होते आणि मधे उभे होते फक्त गुणाजीच्या बांधाचे दोन अर्धे, आपापल्या टोकाशी निमुळते होत आलेले. दोन्ही टोकं दोऱ्यांच्या फुलीखाली एकमेकांना टेकली होती. मोजणीदाराने वाकून दोरी पाहिली, खालून पाहिली, वरून पाहिली.

"एक कणही पलीकडचा गेला नाही," तो म्हणाला.

आधी त्या टोकाला घाम आला. मग एक थेंब चंद्रभागेच्या कोरड्या कोपऱ्यात उतरला, त्याच्यामागून दुसरा, आणि मग दोऱ्यासारखी बारीक धार लागली. गुणाजीने मुठीत चिखल घेतला आणि झेप घालून तळवा त्या जागी दाबून धरला.

"हात काढ," चंद्रभागा म्हणाली. "तुजा पंजा माज्या हद्दीत हाय."

"रावसाहेब!"

"गुणाजी, हात मागे," मोजणीदार म्हणाला. "मातीही उचला. निम्मी त्यांच्या बाजूला गेलीय."

"मग कुठं लावू?"

"दोरीच्या आत, तुमच्या जागेत लावा."

"आत जागाच नाय, रावसाहेब!"

तो ओरडला तेव्हा बांधावर इतकी माणसं होती, पण कोणी हसलं नाही. परशुरामाने मान खाली घातली. गुणाजीने तळवा उचलला. त्या जागी कवडीएवढं भोक दिसलं, आणि बघता बघता ते मडक्याच्या तोंडाएवढं झालं. महिनाभर कोंडलेलं तळं त्यातून उतरू लागलं. पाण्याने गुणाजीचं एक टोक नेलं, मग दुसरं. दोऱ्या सैल होऊन पाण्यात पडल्या. पाणी आधी चंद्रभागेच्या वाफ्यांत भरलं, आणि मग डावीकडचा अर्धा बांध खाली बसला तसं ते गढूळ होऊन गुणाजीच्या पांढऱ्या वाफ्यांत शिरलं. सखुबाई घराकडून धावत येत होती. दम्याने तिला अर्ध्या वाटेत बसावं लागलं.

चंद्रभागा गुडघाभर चिखलात उभी राहून ते बघत होती. तिला बरं वाटलं. पुढे कोणी कितीदा विचारलं तरी ती हेच सांगायची, दुसरं काही सांगायची नाही.

मोजणीदाराने तिथेच मांडीवर कागद घेऊन लिहिलं, की मधल्या बांधाला माती अपुरी पडल्याने तो आपोआप फुटला, कोणत्याही बाजूने हद्द ओलांडली नाही. मग त्याने परशुरामाला विचारलं, "मास्तर, तुमची सही?" परशुरामाने सही केली.

त्या चैत्रात मीठखात्याचा साहेब आला. चंद्रभागेच्या वाफ्यांत मीठ होतं, पातळ पण पांढरं. गुणाजीचं मीठ मातकट म्हणून त्याने उचलू दिलं नाही, खाडीत टाकायला लावलं. तरी काट कोणावरच मारली नाही.

फुटलेलं तोंड मग तसंच राहिलं. ते पुन्हा बुजवायचं तर दोघांनी मिळून बुजवावं लागलं असतं, आणि ती दोघं एकमेकांशी पुन्हा कधी बोलली नाहीत. गुणाजी आणखी सहा वर्षं जगला. तो गेला तेव्हा चंद्रभागा दारापर्यंत गेली आणि परत आली. आत कोणी बोलावलं नाही म्हणून परत आले असं ती म्हणे, आणि आत कोणी बोलावलं नव्हतं हे खरं होतं. सखुबाई नवऱ्यामागे वर्षभरात गेली.

परशुरामाने कोलशेत सोडलं ते सोडलंच. कल्याणला त्याने बिऱ्हाड केलं, चाळीस वर्षं मास्तरकी केली, त्याच्या हाताखालून वकील झाले, कारकून झाले. आगरातला आपला हिस्सा त्याने एका ठाणेकराला देऊन टाकला. चंद्रभागेला त्याने दोनदा पत्र लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं, आणि दुसऱ्याकडून वाचून घ्यायला ती तयार झाली नाही. मोजणीदाराची बदली त्याच पावसाळ्यात पनवेलकडे झाली, एवढंच कळलं.

प्लेगच्या पहिल्या वर्षी चंद्रभागा गेली. गाव रानात झोपड्या बांधून राहायला गेलं होतं, ती आगरावरच राहिली होती. तिच्यामागे आगर कोणी चालवलं नाही. दोन-तीन उधाणांनी बाहेरचा बांध फोडला आणि पाच-सहा वर्षांत तिथे तिवरांची झुडपं माजली.

शेवंती खडवलीलाच पडली, एका भातवाल्याच्या घरी. सासर चांगलं निघालं. तिला पाच मुलं झाली, चार जगली. सासरी ती बांधबंदिस्तीच्या कामात पुरुषांच्या बरोबरीने उभी राही, आणि तिचा बांध कधी फुटत नसे. थोरल्या मुलाला तिने कल्याणच्या शाळेत घातलं. परशुराम मास्तरांच्याच वर्गात.